तिथी पाहून समुद्राकडे

सहलीचे ठिकाण ठरवताना पुष्कळ घरांत पहिला प्रश्न येतो तो तिथे पाहण्यासारखे काय आहे, हा. आमच्या घरात त्या प्रश्नाचा क्रमांक बराच खाली लागतो. तिथे गेल्यावर काय घडेल, कशानंतर काय घडेल आणि ते आधी सांगता येईल का, हे आम्हाला प्रथम जाणून घ्यावे लागते. आमचा धाकटा मुलगा स्वमग्न आहे. त्याच्यापाशी शब्द थोडे आहेत. नाद, स्पर्श, वास आणि प्रकाश मात्र त्याच्यापर्यंत आपल्यापेक्षा कितीतरी अधिक तीव्रतेने पोचतात. अशा मुलाला घेऊन काही दिवस समुद्रकाठी राहायला जाणे ही वरकरणी हौसेची गोष्ट दिसते. तिची सिद्धता करू लागल्यावर तिच्यात कर्तव्याचा अंश किती मोठा आहे, हे मला हळूहळू उमगत गेले.

१९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि स्वमग्नतेचे आधुनिक वर्णन तिथून सुरू झाले. भोवतालचे सारे जसे आहे तसेच राहावे, अशी प्रबळ ओढ त्याला या मुलांत दिसली. खोलीतील मांडणी बदलली, नेहमीच्या गोष्टींचा क्रम चुकला, तरी ती व्याकूळ होत. इंद्रियसंवेदनांतील वेगळेपणाला अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-निकषांत स्थान मिळाले ते २०१३ मध्ये. पालकांना ते त्याआधी कितीतरी वर्षे घरोघर दिसत होते. या दोन गोष्टी लक्षात घेतल्या म्हणजे अडचण स्पष्ट होते. सहलीत रोजचा क्रम मोडतो, आणि समुद्रावर तर इंद्रियांना क्षणाची उसंत नसते: अखंड गाज, डोळे दिपवणारे ऊन, खारा चिकट वारा, पायाखालून सरकणारी वाळू, अंगाला चिकटलेले ओले कपडे.

मग जायचेच कशाला? हा प्रश्न आम्हाला आप्तांनी विचारला आहे, आणि तो आपुलकीनेच विचारला आहे. "त्यालाही त्रास, तुम्हालाही त्रास. घरीच बरं नाही का?" असे माझ्या एका मावससासूबाई म्हणाल्या होत्या. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. म्हणूनच उत्तर विचारपूर्वक देणे भाग होते.

त्याचे एक उत्तर मुलाच्या देहाने दिलेले आहे. पाण्यात त्याचे शरीर शांत होते. आयुष्यभर आपण सारे त्याला स्थिर बसायला शिकवत असतो. पाण्यात कंबरेपर्यंत उभा राहिला की तो न शिकवता स्थिर होतो. अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांनी संवेदनांच्या एकात्मीकरणाची जी मांडणी केली, तिच्यात स्नायू आणि सांधे यांच्याकडून मेंदूला मिळणाऱ्या जाणिवेला मोठे स्थान आहे. टेंपल ग्रँडिन या स्वतः स्वमग्न असलेल्या पशुविज्ञानाच्या विदुषीने तरुणपणी गुरांना लस टोचताना धरून ठेवणारा सापळा पाहिला, आणि अंगाला दोन्ही बाजूंनी घट्ट दाब देणारे एक यंत्र स्वतःसाठी तयार केले. त्या दाबाने तिला शांत वाटे. हे वाचल्यावर आमचा मुलगा ओल्या वाळूत गुडघ्यांपर्यंत पाय पुरून घेण्यासाठी इतका आतुर का असतो, ते मला कळले. मात्र हे सर्व मुलांना लागू नाही. त्याच्याच वर्गातील एका मुलीला वाळूचा कण पायाला लागलेला सोसत नाही. तिच्या आईवडिलांनी समुद्राऐवजी डोंगर निवडला आणि ते योग्यच केले. स्वमग्न मुलांसाठी सर्वोत्तम असा एकच किनारा कोणी सांगू लागले, तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

दुसरे उत्तर मुलापुरते मर्यादित नाही. अशा घरांत वगळणुकीची सवय फार लवकर लागते. लग्नाला एकाने जायचे, दुसऱ्याने घरी थांबायचे. नाटक नको, जत्रा नको, हॉटेल नको. यांतील प्रत्येक नकार त्या त्या दिवशी समर्थनीय असतो. वर्षांमागून वर्षे ते नकार साचले म्हणजे घराभोवती एक कुंपण उभे राहते, आणि ते कुणी घातले हे सांगता येत नाही. ते कुंपण एका बाजूने तरी उघडे राहावे, यासाठी आम्ही समुद्र धरून ठेवला.

आता किनाऱ्यांविषयी. पुण्याहून निघणाऱ्या माणसाला कोकणात किनाऱ्यांची वाण नाही. नागाव, काशीद, दिवेआगर ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत, आणि आमच्या थोरल्या मुलीला तिथे खरोखर आनंद मिळतो. परंतु सुटीच्या दिवसांत या किनाऱ्यांवर वाळूतून धावणाऱ्या मोटारगाड्या असतात, पाण्यावर यांत्रिक स्कूटर असतात, घोडागाड्या असतात. रस्त्यावरचे वाहन ठरलेल्या बाजूने येते. वाळूवरचे कुठूनही येते. ज्या मुलाला आवाजाची दिशा ओळखण्याआधी आवाजच असह्य होतो, त्याच्यासाठी ही मोकळी जागा मोकळी राहत नाही. गणपतीपुळ्याला मंदिरापुढेच समुद्र आहे आणि मंदिराची गर्दी समुद्रावर उतरते. शिवाय तेथील पाणी बुडण्याच्या दुर्घटनांसाठी कुप्रसिद्ध आहे. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो. तो पाहण्यासारखा खराच. पण गलका, ओल्या टोपल्या आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी येतात.

वेळासविषयी मला अधिक लिहिले पाहिजे, कारण तिथे न जाण्याचा निर्णय मला जड गेला. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकावरच्या या गावात सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या संरक्षणाचे काम उभे केले. घरटी कुंपणात सुरक्षित ठेवतात आणि पिल्ले बाहेर आली की सकाळी व संध्याकाळी त्यांना समुद्राच्या दिशेने सोडतात. पर्यटक दोरीमागे उभे राहून पाहतात. इतका सुंदर आणि संयत सोहळा आपल्या किनाऱ्यावर दुसरा नसावा. परंतु पिल्ले आज येतील की नाही, हे कोणालाच ठाऊक नसते. तासभर थांबून परत फिरावे लागेल, आणि ते का, याचे कारण निसर्ग देणार नाही. प्रौढ माणूस या अनिश्चिततेत रस घेऊ शकतो. आमच्या मुलाला मी "आता कासव" असे चित्र दाखवले आणि कासव आले नाही, तर त्याचा माझ्या चित्रांवरचा विश्वास डळमळतो. शब्द कमी असलेल्या मुलाला आपण दाखवलेले चित्र हे वचन असते. म्हणून वेळास थोरलीसाठी, तिच्या बाबांबरोबर, असे ठरले.

शेवटी आम्ही आंजर्ल्याला स्थिरावलो. दापोली तालुक्यातले हे गाव हर्णैच्या उत्तरेस, जोग नदीच्या खाडीपलीकडे आहे. घरे नारळी-पोफळींच्या वाड्यांत, आणि वाडी संपली की समुद्र. डोंगरावर कड्यावरचा गणपती आहे, त्यामुळे भाविक येतात. पण देऊळ वर आणि किनारा खाली. पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगाव आणि तिथून मंडणगडमार्गे गेले की सावित्री नदी आंबेतच्या पुलावरून ओलांडता येते. दुसरी वाट श्रीवर्धन-हरिहरेश्वराकडून आहे. तिथे बागमांडला ते वेसवी अशी फेरीबोट मोटारींसकट खाडी पार करते. आम्ही पुलाची वाट धरली. फेरीबोटीचा लोखंडी उतार आपटतो, इंजिन घरघरते, भोंगा वाजतो. तो धोका आम्हाला अनाठायी वाटला.

ठिकाणाइतकाच काळ महत्त्वाचा. मे महिन्यात आंबे असतात आणि गर्दीही. दिवाळी व नाताळ वर्ज्य. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला. जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारीचा आरंभ, आणि आठवड्याच्या मधले दिवस, हे आम्हाला मानवतात. फाल्गुन लागला की कोकणात शिमगा सुरू होतो. ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, तिच्याबरोबर ढोल येतात. तो त्या गावाचा वर्षाचा सण आहे. पाहुण्याने त्याच्या आड येऊ नये आणि आपल्या मुलालाही त्याच्या मध्ये आणून उभे करू नये.

या सर्वांपेक्षा सूक्ष्म हिशेब भरतीचा आहे. कोकणच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे साडेबारा तास जातात आणि रोज तीच भरती पाऊण तासाहून थोडी अधिक उशिराने येते. आपल्या पूर्वजांनी हे गणित तिथीत बसवून ठेवले आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हा हिशेब मुंबईच्या परिसराचा. स्थळानुसार थोडा फरक पडतो, तरी योजना आखायला तो पुरतो. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. द्वितीयेला दुपारी दीडच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी साडेसात-पावणेआठला ओहोटी. त्या वेळी ऊन कोवळे असते, किनारा रिकामा असतो, आणि पाणी दूर गेल्याने ओल्या, घट्ट वाळूचा विस्तीर्ण पट्टा उघडा पडतो. अष्टमीच्या भांगाला पाणी फार मागे हटत नाही आणि ओहोटीही ऐन दुपारी येते. ते दिवस आमच्या उपयोगाचे नाहीत. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला वाळू पुष्कळ उघडी पडते खरी, पण परतणारे पाणीही वेगाने चढते. म्हणून ओहोटीचा तळ गाठून पाणी फिरण्याआधीच किनाऱ्याकडे वळायचे, असा आमचा नियम आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी पाहून सहलीचा दिवस ठरवणारी मी माझ्या पिढीत कदाचित एकटीच असेन. मला त्यात समाधान आहे. ज्या समुद्राला आपण बेबंद म्हणतो, तो इतका वक्तशीर आहे की त्याच्या भरवशावर मुलाला वचन देता येते.

तरी इथे एक अडचण होती. समुद्राची वेळ रोज पुढे सरकते आणि आमच्या मुलाला वेळ सरकलेली चालत नाही. घड्याळातील आकडे त्याला वाचता येतात. काल पावणेआठला निघालो तर आज साडेआठला का, याने तो अस्वस्थ होणे स्वाभाविक होते. त्याच्या शिक्षिकाबाईंनी यावर जो मार्ग सांगितला, तो मला आजही विचार करायला लावतो. त्या म्हणाल्या, "त्याला वेळ सांगूच नका. आधी काय, मग काय, एवढंच दाखवा." तेव्हापासून आमच्या चित्रपट्टीवर घड्याळ नाही. दूध, वाडीतली वाट, वाळू, पाणी, बादलीने आंघोळ, भात, झोपाळा. पहिले चित्र केव्हा सुरू होईल हे तिथी ठरवते. पुढचे चित्र कोणते, हे कोणीही बदलू शकत नाही.

आपण सामान्य माणसे वेळ पाळण्याला शिस्त म्हणतो, आणि क्रमाकडे फारसे पाहत नाही. परंतु मनुष्याच्या जगण्याला खरी स्थिरता क्रमाने दिली असावी असे मला वाटते. शेतकऱ्याच्या जीवनात पाऊस दोन आठवडे उशिरा आला तरी नांगरणीनंतर पेरणी आणि पेरणीनंतर खुरपणी यांत अदलाबदल होत नाही. आजारातून उठणाऱ्या माणसालाही बरे वाटण्याची तारीख कोणी देऊ शकत नाही. पण उद्या बसवू, मग उभे करू, मग चालवू, एवढे सांगणारा वैद्य भेटला की तो धीर धरतो. सुटी म्हणजे क्रमातून सुटका, अशी आपली समजूत आहे. माझ्या मुलाने मला दाखवले की क्रमाची हमी असेल तरच काही मने मोकळी होतात. त्याला मिळणारी विश्रांती पाहिल्यावर मला माझ्या स्वतःच्या दिवसांचीही फेरतपासणी करावी लागली; सुटीत मी जे हिंडत असे, ते विश्रांतीसाठी होते की थकवा विसरण्यासाठी, हे मी पूर्वी कधी स्वतःला विचारले नव्हते.

राहण्याचे घर शोधणे हे सर्वांत कष्टाचे काम. "शांत आहे" या दूरध्वनीवरच्या उत्तराला अर्थ नसतो. एका ठिकाणी असेच उत्तर मिळाले आणि खोलात चौकशी केल्यावर समोरच्या हिरवळीवर लग्नसमारंभ होतात असे कळले. म्हणून माझे प्रश्न बारीक असतात. पाण्याची मोटर कोणत्या वेळी चालते? कुत्रा आहे का, आणि बांधलेला असतो का? जेवायच्या जागी दूरदर्शन संच लावतात का? वाडीतून समुद्राकडे जाणाऱ्या फाटकाला कडी आहे का, आणि ती केवढ्या उंचीवर? विहिरीला कठडा आहे का, वर जाळी आहे का? कोकणातल्या वाडीत विहीर असतेच, आणि पाण्याच्या ओढीने निघालेल्या मुलाला समुद्राआधी विहीर लागते. पुष्कळ यजमान या प्रश्नांनी त्रासतात; आपल्यावर अविश्वास दाखवला जात आहे असे त्यांना वाटते. ज्या काकूंच्या घरी आम्ही अखेर राहिलो, त्यांनी सगळे ऐकून घेतले. मुलगा फक्त गुरगुटा भात आणि तूप खातो, फोडणी चालत नाही, हिरवे पान दिसले तर ताट सरकवतो, हे मी सांगितले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मीठ भातात घालू की वेगळं वाढू, एवढंच सांगा." मुलाला काय झाले आहे, असे त्यांनी विचारले नाही. घर कसे निवडावे, याचे यापेक्षा नेमके प्रमाण मला सापडलेले नाही. त्यांच्या ओटीवर शिसवी लाकडाचा रुंद झोपाळा होता. ज्या लयबद्ध हेलकाव्यांसाठी शहरातील उपचारकेंद्रांत खास झोके टांगलेले असतात, ते कोकणातल्या जुन्या घरात मुळातच होते. ताम्हिणीच्या वळणांनी बेचैन झालेला आमचा मुलगा तिथे बसला आणि जेवणाची हाक येईपर्यंत उठला नाही.

एका विषयावर सौम्य भाषा वापरून चालणार नाही. स्वमग्न मुले पाण्याकडे ओढली जातात आणि त्यांतली पुष्कळ कोणाला न सांगता निघून जातात. २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे निम्म्या पालकांनी सांगितले की वयाच्या चौथ्या वर्षानंतर मुलाने किमान एकदा तरी असे निघून जाण्याचा प्रयत्न केला आहे. २०१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. पंधरा वर्षांखालील स्वमग्न मुलांचा बुडून मृत्यू होण्याचा धोका इतर मुलांच्या १६० पट असल्याचा निष्कर्ष त्यांनी मांडला. हे आकडे परक्या देशाचे आहेत, पण पाणी सर्वत्र सारखेच आहे. म्हणून किनाऱ्यावर आमच्यातला एक जण पाळीने केवळ त्याच्याकडे पाहतो. त्या काळात तो दुसऱ्याशी बोलत नाही, छायाचित्र काढत नाही, लाटाही पाहत नाही. पाळी संपली की तसे शब्दांत सांगून दुसऱ्याच्या हाती देतो. "मला वाटलं, तू पाहतेयस" या वाक्याला समुद्रावर जागा नाही. मुलाच्या अंगात भडक नारिंगी सदरा असतो, कारण निळा रंग पाण्यात हरवतो, आणि सदऱ्याच्या आत आमचा दूरध्वनी क्रमांक शिवलेला असतो. पोहणे शिकवायला आम्ही शहरातल्या तलावात लवकर आरंभ केला. ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांना मी हात जोडून सांगेन की सहलीचा विचार करण्यापूर्वी ही शिकवण सुरू करा. इतर सर्व गोष्टी मागून आल्या तरी चालतील.

थोरल्या मुलीच्या वाट्याविषयी लिहिताना मला संकोच वाटतो. तिच्या बालपणातील पुष्कळ दिवस तिच्या भावाच्या सोयीने आखले गेले. ती तक्रार करत नाही, आणि तक्रार न करणाऱ्या मुलाचे देणे थकत जाते हे पालकांना उशिरा दिसते. म्हणून सहलीतला एक पूर्ण दिवस तिचा असतो. त्या दिवशी ती बाबांबरोबर हर्णैहून होडीने सुवर्णदुर्गाला जाते. आंग्र्यांच्या आरमाराचा हा जलदुर्ग १७५५ मध्ये कमोडोर जेम्सच्या हल्ल्यात पडला, हे ती मला परतल्यावर अशा आवेशाने सांगते, जणू ती बातमी सकाळची आहे. त्या दिवशी आमचे कुटुंब दोन ठिकाणी असते. सर्वांनी सदैव एकत्र असलेच पाहिजे, तरच ती कुटुंबाची सहल, हा आग्रह आम्ही सोडला, आणि त्यानंतर संध्याकाळी एकत्र जेवायला बसण्यात जो आनंद येऊ लागला, तो आधी नव्हता.

हे सारे सांगताना एका वस्तुस्थितीकडे डोळेझाक करता येत नाही. आमच्याकडे मोटार आहे, आठवड्याच्या मधोमध रजा मिळते, चौकशी करायला सवड आहे. बहुसंख्य पालकांकडे यांतले काही नसते. विकलांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा ज्या २१ प्रकारच्या विकलांगतांना मान्यता देतो, त्यांत स्वमग्नता आहे. त्याच कायद्याचे २९ वे कलम सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजन यांतील सहभागाविषयी आहे. म्हणजे समुद्रावर जाणे हा या मुलांवर केलेला उपकार नाही, हे संसदेने मान्य केलेले आहे. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर २०२२ मध्ये चाकाच्या खुर्च्या पाण्याच्या जवळपर्यंत नेणारा लाकडी मार्ग बांधला गेला. पुढच्याच महिन्यात चक्रीवादळाने त्याची मोडतोड केली, तरी किनारा सर्वांचा आहे हे त्या मार्गाने दृष्टीस आणून दिले. आमच्या मुलांना हवा असलेला मार्ग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो बांधायचेही कोणाच्या मनात येत नाही. त्याला लाकूड लागत नाही. आठवड्यातल्या एका सकाळी किनाऱ्यावर वाहने आणि ध्वनिक्षेपक नसावेत. प्रवेशाशी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या असाव्यात. जीवरक्षकाला एवढे ठाऊक असावे की हाक मारूनही न वळणारे मूल उद्धट नसते. किनाऱ्यावरच्या एखाद्या ग्रामपंचायतीने मनावर घेतले, तर फलक आणि रंग यांपलीकडे फारसा खर्च येणार नाही. याचा लाभ वृद्धांना होईल, लहान बाळे घेऊन येणाऱ्या आयांना होईल, आणि ओहोटीची वेळ न पाहता पाण्यात उतरणाऱ्या शहरी तरुणांचे प्राणही कदाचित वाचतील.

आमचा मुलगा आता मोठा होत आहे. सहा वर्षांचे मूल आनंदाने हात फडफडवत किंचाळले तर लोक हसतात. ओठांवर लव आलेला, बापाच्या खांद्याला लागलेला मुलगा तेच करतो तेव्हा लोक आपली मुले जवळ ओढून घेतात. ही नजर पुढे अधिक कठोर होणार, हे आम्ही जाणतो. त्याच्या वाढण्याबरोबर आणखी एक गोष्ट बदलली पाहिजे, असे मला वाटू लागले. आजवर ठिकाण आम्ही निवडले, त्याच्या हिताचा विचार करून निवडले. हित ओळखणाऱ्याला इच्छा विचारण्याचा विसर पडण्याचा मोठा धोका असतो. जो बोलत नाही त्याच्या वतीने बोलताना आपला आवाज हळूहळू त्याचा आवाज म्हणून चालू लागतो.

म्हणून यंदा आम्ही काही छायाचित्रे जमवली आणि त्याच्यापुढे मांडली. आंजर्ल्याचा किनारा, काकूंची ओटी, गुहागरचे सुरूचे बन, हरिहरेश्वरचे खडक, आणि थोरलीच्या आग्रहाखातर बागमांडल्याची फेरीबोट. त्याने इतर चित्रांना हात लावला नाही. फेरीबोटीचे चित्र उचलून माझ्या हातात दिले. चित्रांची जागा बदलून दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडली, तेव्हाही तेच. जो आवाज त्याला सोसणार नाही असे गृहीत धरून आम्ही आजवर पुलाची वाट धरली, त्या आवाजाकडे त्याला जायचे आहे. कदाचित त्याला पाण्यावर सरकणारा तो सपाट तळ हवा असेल, कदाचित लोखंडाचा उघडझाप होणारा उतार. कारण तो सांगू शकत नाही, आणि कारण दिल्याशिवाय इच्छा मान्य होणार नाही, असा नियम आम्ही थोरलीला कधी लावला नव्हता.

तयारी सुरू झाली आहे. आवाज कमी करणारे कानाचे आवरण तो रोज थोडा वेळ घालतो. थोरलीने फेरीबोटीच्या आवाजाचे मुद्रण मिळवले आहे आणि ते ती अगदी बारीक आवाजात त्याला ऐकवते. पहिल्या दिवशी नुसते धक्क्यावर मोटारीत बसून एक फेरी जाताना पाहायची. त्याने गाडीचे दार उघडले तरच उतरायचे, आणि तो उतारावर चढला तरच आपण चढायचे. माघ शुद्ध द्वितीयेच्या आसपासचे मधले दिवस मोकळे आहेत, थोरलीची परीक्षा त्यानंतर आहे. भोंगा सुटताना वाजवतात की पलीकडे लागताना, आणि तो वाजण्याआधी आम्हाला हाताने खूण करता येईल का, एवढे धक्क्यावरच्या माणसाला विचारायचे राहिले आहे.